अर्धा डबा

माझ्या झाकणावर एक खोल पोचा आहे. तो कसा पडला हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही, मित्रांनो. मी एक जुना स्टीलचा डबा आहे. आता माझ्यात बटणं आणि सुईदोरा राहतो, पण एके काळी मी रोज शाळेत जात होतो.

कारखान्यात पत्र्याच्या चकत्या दाबून मला घडवलं. दुकानात माझ्या छोट्या मालकिणीच्या आईला मी फारच मोठा वाटलो. बाबा म्हणाले, "असू दे की. पोर वाढणार, तिचं पोट वाढणार!" बाबा लिफ्टची दुरुस्ती करायचे. आई दातांच्या दवाखान्यात कामाला होती, पण लेक झाल्यावर तिने नोकरी सोडली होती. लेकीला बाबा खारूताई म्हणत, कारण घास घेतला की तिचे दोन्ही गाल टम्म फुगायचे.

ती मला चाटूनपुसून रिकामा करायची. "हिचा डबा धुवायची गरजच नाही," असं तिच्या बाई हसत म्हणायच्या, तेव्हा माझी कॉलर ताठ व्हायची. डब्याला कॉलर नसते, हे मला ठाऊक आहे.

मग आईबाबांचं बिनसलं. बाबा दुसरीकडे राहायला गेले, घटस्फोटाचा खटला सुरू झाला आणि दर रविवारी खारूताई मला घेऊन बाबांकडे जाऊ लागली. एकदा ते तिला घरी सोडायला आले आणि दारातच दोघांची जुंपली.

"पोटगी, पोटगी! मी काय पैसे छापतो?" बाबा म्हणाले.

"माझं राहू दे, तिच्या पोटाचा तरी विचार कर," आई म्हणाली.

खारूताई मला छातीशी धरून दोघांच्या मध्ये उभी होती. पोटगी हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला. त्यात पोट होतं, आणि घरातलं सगळ्यांत खादाड पोट तिचंच. तिने मनाशी ठरवलं की आपण कमी खाल्लं तर भांडण मिटेल आणि बाबा परत येतील.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यातलं अर्धंच खाऊ लागली. उरलेलं शेजारच्या मैत्रिणीला देऊन टाकायची. घरी मी रिकामाच जायचो, त्यामुळे आईला पत्ता लागला नाही. मी मात्र कासावीस व्हायचो. तिचे गाल बसले. खेळाच्या तासाला ती कडेला बसून राहू लागली.

एके दिवशी कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी तिघांनाही बोलावलं. बाई कागद वाचत होत्या, तेवढ्यात आईने मला उघडलं आणि झाकण बाबांच्या हातात दिलं. "खा गं, सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

खारूताईने अर्धं खाल्लं आणि मला बाजूला सारलं. "बाबा, आता मला एवढंच पुरतं. मग पोटगीपण अर्धीच लागेल ना? तेवढी जमेल ना तुला? मग घरी येशील?"

झाकण बाबांच्या हातून निसटलं आणि फरशीवर आपटलं. हाच तो पोचा. आई ओंजळीत तोंड लपवून रडू लागली.

बाई खुर्ची सोडून खारूताईसमोर खाली बसल्या. "अगं वेडाबाई, पोटगी म्हणजे काही नुसतं जेवण नाही. त्यात तुझी शाळा आली, औषधं आली, पायातले बूट आले. आईबाबा वेगळे राहिले तरी तू दोघांचीच. खटला चालू असो की संपलेला, ते तुझ्या हक्काचं आहे. आईचं वेगळं. तुला सांभाळायला तिने नोकरी सोडली, म्हणून ती पुन्हा कमवायला लागेपर्यंत तिला आधार. आणि हे भांडण तुझ्या खाण्यामुळे झालेलंच नाही."

"म्हणजे बाबा परत येणार नाही?"

"नाही गं राणी," बाबाच म्हणाले. त्यांनी मला तिच्यापुढे सरकवलं. "पण तुझं कधी काही अडू देणार नाही. खा आता."

तिने रडत रडत उरलेलं खाल्लं. गाल पुन्हा फुगले आणि मला गहिवरून आलं.

घटस्फोट झालाच. पुढे आईला दवाखान्यात पुन्हा काम मिळालं आणि ठरल्याप्रमाणे तिची पोटगी थांबली. खारूताईची मात्र चालू राहिली. बाबांनी शब्द पाळला. रविवारी ते स्वतः मला भरायचे. सफरचंदाच्या फोडी ओबडधोबड असायच्या, पण डबा काठोकाठ.

माझी कडी तुटल्यावर मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. खारूताईनेच मला उचलून कपाटात जागा दिली.

मित्रांनो, मोठ्यांचा एखादा शब्द अर्धवट कानी पडला, तर मनातल्या मनात अर्थ लावत बसू नका. त्यांनाच विचारा. मला सगळं दिसत होतं, पण डब्याला नुसतं तोंड असतं, बोलता येत नाही. तुम्हाला येतं.