बोटभर रेघ

मालकांनी कपड्यांच्या कारखान्यातल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून जाहीर केलं की कटिंग खात्याचा नवा मुख्य चष्मेबहाद्दर. टाळ्या पडल्या. कटरताईनेही दोन वाजवल्या, तिसरी काही हातून निघेना.

एकोणीस वर्षं ती कापड कापायच्या त्या लांबलचक टेबलाशी उभी होती. चष्मेबहाद्दर सहा वर्षांपूर्वी आला, तेव्हा त्याला खडू धरायलासुद्धा तिनेच शिकवलं होतं. आणि मुख्य कोण, तर तो!

"का म्हणाल," मालक म्हणाले, "तर याने आखलेला एकही गठ्ठा आजवर गिऱ्हाइकाकडून परत आलेला नाही."

हे ऐकलं मात्र, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गठ्ठे का परत येत नव्हते ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? टी-शर्टचं कापड पहिल्या धुण्यात आखडतं, म्हणून आखताना लांबीला बोटभर जास्त सोडायचं असतं. आणि हा पठ्ठ्या ते बोट हमखास विसरायचा. पहिल्यांदा विसरला तेव्हा, नवीन आहे बिचारा, म्हणून तिने त्याची रेघ कोपराने पुसली, बोटभर खाली नवी आखली आणि कापलं. बोलली नाही. मग ती सवयच पडली. तो आखून चहाला जायचा, ती पुसायची, आखायची, कापायची. सहा वर्षं! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता बाईने, तोही रोज, न चुकता.

वर मालक जाता जाता म्हणाले, "ताई, तुम्ही काय, घरच्याच. त्याला जरा सांभाळून घ्या."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "सोडून दे ती नोकरी. राजीनामा फेक त्यांच्या तोंडावर."

"मी का सोडू? काम माझं चांगलं आणि घरी मीच बसू? वा रे वा!"

"मग काय, जन्मभर त्याच्या रेघा पुसणार?"

 तिला नवऱ्याचा राग आला, पण तो बरोबर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या टी-शर्टांचं काम आलं. चष्मेबहाद्दरने कापडाचे थर अंथरून घेतले, ऐटीत आखलं आणि खडू कानावर खोचला. "घ्या ताई कापायला. मी आलोच चहा घेऊन."

तिने पट्टी लावली. बोटभर कमी. तिचं कोपर आपसूक रेघेकडे निघालं. पुसलं तर कुणाला कळणार होतं? पोरांचे शर्ट तरी नीट होतील. पण मग उद्या हेच, परवा हेच, आणि शाबासकी त्याला! तिने कोपर मागे ओढलं.

"साहेब!" ती अशी कडाडली की पलीकडची शिलाई मशिनं थांबली. आजवर ती त्याला अरे-तुरेच करायची. "साहेब, रेघ बोटभर कमी आहे."

तो दारातूनच धावत परत आला. "ताई, हळू ना," तो कुजबुजला, "नेहमीसारखं करून टाका की नीट."

नेहमीसारखं! म्हणजे या गुलामाला सगळं माहीत होतं. सहा वर्षं तो चहाला जात होता ते तिला पुसायला वेळ मिळावा म्हणून.

मालक केबिनमधून बाहेर आले. तिने पट्टी त्यांच्याच हातात दिली. "मोजा."

त्यांनी मोजलं, परत मोजलं. "पण आजवर तर..."

"आजवर मी पुसून आखत होते. परत न आलेले ते गठ्ठे माझे."

"अहो, मग आधी बोलायचं ना!"

"चुकलंच माझं. आता बोलतेय, सगळ्यांसमोर. आणि रोज बोलणार."

मालकांनी घसा खाकरला. "बरं, बरं, ते पुढे बघू. आत्ता तेवढं नीट करून घ्या."

"मी कशी करणार? आखायचं काम मुख्यांचं." ती चष्मेबहाद्दरकडे वळली. "पुसा साहेब. कोपराने छान पुसलं जातं. खडू तुमच्या कानावरच आहे."

आणि स्टूल ओढून, हाताची घडी घालून, कटरताई एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळेत खाली बसली.