बुधवारचे पार्टनर

धाकू घाडीगावकरने आयुष्यात एकच मोठी थाप मारली, पण मारली ती पोटच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. अपूर्वा तेव्हा दहावीला होती. विमलानेच तिला नवऱ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, ‘‘ठेवा हात, आणि म्हणा, आजपासून थेंब घेणार नाही.’’ धाकूने हात ठेवला, म्हटलंही. अगदी मनापासून म्हटलं हो. सहा-आठ महिने पाळलंही. पुढे काय झालं ते मला विचारू नका, माणूस आहे शेवटी.

तर पुढे बुधवार आला. बुधवारच का, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, तरी सांगतो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रविवारी घरी मासे आणि समोर बायको. म्हणजे देवाच्या आणि बायकोच्या तावडीतून सुटलेला वार एकच. त्या दिवशी धाकूच्या कंपनीत पतपेढीची मीटिंग असायची. वर्षानुवर्षं दर बुधवारी भरणारी पतपेढी जगात दुसरी नसेल, पण विमलाने कधी विचारलं नाही.

आता कांदिवलीत बार नाहीत का? पायलीचे पन्नास. पण धाकू गावच्या मंडळाचा अध्यक्ष. कुठेही शिरला तरी एका टेबलावर मंडळाचा खजिनदार, दुसऱ्यावर बायकोचा मावसभाऊ. म्हणून त्याने कंपनीजवळचा, अंधेरी पूर्वेच्या एका गल्लीतला ‘गोमती बार अँड रेस्टॉरंट’ धरला. तिथे त्याला काळं कुत्रं ओळखत नव्हतं.

गोमतीत स्वतःचं टेबल अशी भानगड नाही. खुर्ची मोकळी दिसली की बसायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही. असंच एकदा समोर एक चष्मेवाला गोरटेला गृहस्थ बसला होता. बोंबील फ्राय इतक्या मन लावून खात होता की धाकूला तो आवडला. पुढच्या बुधवारी परत तोच. हळूहळू दोघं एकमेकांसाठी खुर्ची धरायला लागले. गोमतीत एक अलिखित नियम होता, आणि तो दोघांनी कसोशीने पाळला. नाव विचारायचं नाही, घर विचारायचं नाही, बाहेर भेटलं तर ओळख दाखवायची नाही. तो याला पार्टनर म्हणायचा, हा त्याला पार्टनर. क्रिकेटवर भांडायचे, बोंबील कुरकुरीत झालेत की नाहीत यावर भांडायचे, आणि भांडत भांडतच तुम्हीचे तू झाले. पार्टनर कांदा खायचा नाही, कारण घरी वास जाईल. धाकूला काकडीने ढेकर यायचे. म्हणून बशी आली की पार्टनर आपला कांदा धाकूकडे सरकवायचा आणि धाकूची काकडी उचलून घ्यायचा. तीनेक वर्षं हे चाललं होतं, झकास.

अशात अपूर्वाने घरी सांगितलं, की तिच्या ऑफिसातल्या ओजस आठल्येशी तिला लग्न करायचंय. मुलगा मुलुंडचा, आई सुहासिनी गाण्याची शिक्षिका, वडील विमा कंपनीतून निवृत्त होऊन आता कुठेतरी सल्लागार. पोरगा गुणी होता, धाकूला नाव ठेवायला जागा नव्हती. तरी त्याची झोप उडाली. धाकूचा बाप गिरणीत, तो स्वतः औषधांच्या कंपनीत स्टोअरकीपर. ती गाण्यातली, पुस्तकातली, कांदा-लसूण जपून खाणारी माणसं. आपल्या एखाद्या शब्दाने, वागण्याने पोरीचं बिनसलं तर? पोर काही बोलणार नाही, पण जन्मभर मनात ठेवील. ही भीती त्याने कोणाला सांगितली नाही. आणि रात्री एकटाच पडल्या पडल्या आणखी एक भीती चावायची: शपथ जिच्या डोक्यावरची, तिचंच लग्न. मोडलेल्या शपथेने काही वाईट झालं तर?

बायका फोनवर बोलल्या. पहिली भेट घाटकोपरला, मेट्रोपासून जवळच्या एका शुद्ध शाकाहारी हॉटेलात ठरली. कांदिवलीलाही नको, मुलुंडलाही नको म्हणून. निघताना अपूर्वाने बजावलं, ‘‘बाबा, माशांचा विषय काढायचा नाही हं.’’

‘‘मी तोंडच उघडत नाही,’’ धाकू म्हणाला.

हॉटेलात थंडगार एसी, मऊ मऊ खुर्च्या. ओजस उठून पाया पडला. सुहासिनीबाई हसून पुढे झाल्या. आणि त्यांच्या मागून रुमालाने चष्मा पुसत जो गृहस्थ आला, तो पार्टनर होता.

पार्टनरने चष्मा लावला, धाकूला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दोघंही गोमतीचे जुने खेळाडू. पार्टनरने हात जोडले. ‘‘नमस्कार. मी राजेश आठल्ये. भेटून आनंद झाला.’’

‘‘आनंद झाला,’’ धाकू म्हणाला.

बसले. वेटर आला. ‘‘ड्रिंक्समध्ये काय घेणार सर?’’ हे शब्द ऐकून दोन्ही व्याही एकदम छताकडे बघायला लागले. सुहासिनीबाईंनी लिंबाच्या सरबतासारखं काहीतरी सांगितलं. मग बोलणं सुरू व्हायला हवं होतं, ते होईना. राजेश काही विचारायला तोंड उघडायचा आणि ‘पार्टनर’ निघेल या भीतीने मिटायचा. धाकूचं ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे गाडं जाईना. गाव कुठलं? कणकवलीकडे. निवृत्ती कधी? आलीच. बिचारा ओजस हवेवर बोलला, मेट्रोवर बोलला, शेवटी पनीरवर बोलला. विमला टेबलाखालून नवऱ्याला पाय मारत होती. अपूर्वाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत चाललं होतं, आणि धाकूला ते दिसत होतं. पण करणार काय? बोललं तर शपथ उघडी पडते, न बोललं तर पोरीचं जमत असलेलं मोडतं. इकडे आड तिकडे विहीर.

तेवढ्यात वेटरने प्रत्येकापुढे सॅलडची बशी ठेवली. राजेशने लिंबू पिळलं, आपल्या बशीतला कांदा बोटाने गोळा करून धाकूच्या बशीत सरकवला आणि धाकूच्या काकडीच्या चकत्या उचलून एक तोंडात टाकली. धाकूनेही बशी पुढे केली होती. दोघांचं लक्ष भलतीकडे होतं, हातांना काय कळतंय.

‘‘अहो!’’ सुहासिनीबाई जवळजवळ किंचाळल्या. ‘‘त्यांच्या पानातलं काय उचलताय?’’

राजेशच्या तोंडात काकडी तशीच राहिली. ओजस बघतच राहिला. विमलाने पदर सावरला आणि कुठे बघावं ते तिला कळेना. राजेश पुटपुटला, ‘‘चुकून, चुकून झालं,’’ आणि काकडी गिळून पाणी प्यायला.

सुहासिनीबाईंनी चमचा खाली ठेवला. बाई स्पष्टवक्त्या, पण मनाने स्वच्छ. ‘‘मी सरळच बोलते, राग मानू नका,’’ त्या धाकूला म्हणाल्या. ‘‘आल्यापासून तुम्ही आमच्याशी एक वाक्य धड बोलला नाहीत. आमच्या ह्यांचंही काय बिघडलंय मला कळत नाही. मुलांनी ठरवलंय हे खरं, पण तुमच्या मनात नसेल तर आत्ताच सांगा. असल्या अढीत मुलीला आमच्या घरी आणण्यात अर्थ नाही. आपण इथेच थांबू.’’

अपूर्वाने बापाकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण पोर रडली नाही. घाडीगावकरांच्या घरची जिद्द ती. धाकूला वाटलं, मेलो तरी चालेल, पण ह्या नजरेसमोर गप्प नाही बसायचं.

‘‘वहिनी, अढी नाही,’’ तो म्हणाला. ‘‘ओळख आहे.’’

राजेशने डोळे मिटून घेतले.

‘‘मी यांना तीन वर्षं ओळखतो. अंधेरीला एक बार आहे, तिथे बुधवारी आम्ही एका टेबलावर बसतो. पतपेढीची मीटिंग वगैरे काही नसते, विमला. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि मोडली. अपूर्वा, तू मला काय बोलायचं ते बोल. पण याच्यापायी तुझं लग्न मोडायला नको.’’

विमलाचा चेहरा दगडासारखा झाला. सुहासिनीबाई नवऱ्याकडे वळल्या. ‘‘म्हणजे बुधवारचा तो योगाचा वर्ग?’’

‘‘बंद पडला गं, पहिल्याच महिन्यात,’’ राजेश खालमानेने म्हणाला. ‘‘मुलुंडच्या नाक्यानाक्यावर तुझे विद्यार्थी, म्हणून तिकडे जायचो. दोन पेग आणि बोंबील. त्यापुढे काही नाही.’’

‘‘बोंबील?’’ सुहासिनीबाईंना पेगपेक्षा बोंबीलच जास्त लागलेला दिसला.

‘‘थांबा वहिनी, मला बोलू द्या, नाहीतर परत धीर व्हायचा नाही,’’ धाकू म्हणाला. ‘‘आम्ही एकमेकांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. तरी हा माणूस काय आहे ते मला माहीत आहे. माझा थोरला भाऊ नंदू गेला. तिरडी बांधण्यापासून गावच्या माणसांना कळवण्यापर्यंत सगळं माझ्याच अंगावर होतं, तेव्हा रडायला सवड झाली नाही. नंतर रडूच येईना. तेरावं झालं, मी बुधवारी तिथे जाऊन बसलो. ग्लासाला हात लावला नाही. यांनी काय झालं विचारलं नाही, नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, भाऊ गेला. तर म्हणाले, ‘रड की मग. इथे कोण ओळखतंय तुला?’’’

धाकूने पाण्याचा घोट घेतला.

‘‘मी रडलो. भर बारमध्ये, लहान पोरासारखा. लोक बघायला लागले तर यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्यासमोर पाठ करून भिंतीसारखे बसले. मग रिक्षात घालून स्टेशनला सोडलं, आणि पुढच्या बुधवारी त्यावर एक शब्द काढला नाही. माझ्या मनात कसली अढी असणार, वहिनी? तुम्हाला आवडो न आवडो, मला ह्याच्याहून चांगला व्याही मिळायचा नाही.’’

राजेश खाली मान घालून रुमालाची घडी करत होता, उलगडत होता. सुहासिनीबाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या, की जणू हा माणूस त्यांना आजच कोणीतरी दाखवलाय. ओजसने अपूर्वाचा हात कधी धरला ते त्या दोघांनाही कळलं नसावं.

आणि धाकू बघत होता बायकोकडे. तिचा निकाल लागायचा होता.

‘‘घराक चला, मगे तुमच्या शपथेचा बघतंय,’’ विमला शेवटी म्हणाली. मग ती राजेशकडे वळली, आणि तिची भाषाही बदलली, आवाजही.

‘‘स्मशानात ह्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आतल्या आत फुटतील म्हणून मी देवीला नवस बोलले होते. मग त्या बुधवारी घरी आले ते लाल डोळे घेऊन. मला वाटलं, पिऊन आले. मी दोन दिवस बोलले नाही ह्यांच्याशी.’’ तिने पदराने डोळे पुसले, मागेपुढे न बघता, त्या एसी हॉटेलात. ‘‘मुलगी परक्या घरी द्यायची म्हणजे आईला एकच काळजी असते. सुखात असली तर सगळेच आपले असतात, त्याचं काही नाही. पण कधी तिला रडावंसं वाटलं, तर तिथे कोण असेल?’’

तिने अपूर्वाच्या पाठीवर हात ठेवला.

‘‘ती काळजी आता नाही. मुलगी तुमची.’’