खुशालीचं कार्ड

कमळाला सातवीत असतानाच लोक बाई म्हणायला लागले. ते तिला इतकं आवडलं की पहिले दोन दिवस ती घरीसुद्धा पाठीमागे हात बांधून फिरत होती. शेवटी आईनं विचारलंच, "पाठ दुखून राह्यली का वो?"

झालं असं होतं, की आरमोरीपासून तीन कोसांवरच्या त्या गावात शाळेचे वर्ग सात आणि मास्तर दोन. त्यातले धाकटे मास्तर दिवाळीला घरी गेले आणि काविळीनं तिकडेच अंथरुणाला खिळले. उरले गुणवंतराव मास्तर एकटे. त्यांनी सातवीवरून नजर फिरवली तशी सगळ्या पोरांना एकाएकी आपापल्या पाटीत काहीतरी फार महत्त्वाचं दिसायला लागलं. मान वर ठेवून बसली होती ती एकटी कमळा. सातवीत मुलगीही ती एकटीच.

"कमळे, चौथी सांभाळशीन?"

"सांभाळीन मास्तर. पाचवीही द्या, पायजे असन तं."

मास्तर हसले. छडी तेवढी त्यांनी स्वतःकडे ठेवली.

चौथीची पोरं वाचत नव्हती, गात होती. अख्खं पुस्तक पाठ. पुस्तक उलटं धरलं तरी धडा सुलटाच चालायचा. कमळानं पहिल्याच दिवशी पुस्तकं बंद करायला लावली आणि वर्गाला शाळेमागच्या भिंतीकडे नेलं. तिथं वडशाच्या नाटक मंडळीचा कागद चिकटवलेला होता, खळीनं, चारी कोपरे फडफडत. "हे वाचा आता. हे काही पाठ नाई तुमाले." पोरं अडखळली, घामाघूम झाली, एकमेकांना कोपरं मारत एकेक अक्षर जोडत गेली. तासाभरानं 'भव्य' आणि 'संगीतमय' असे दोन शब्द हाती लागले. दुसऱ्या दिवशी डोमानं पाटीवर लिहून आणलं, 'आमची म्हैस भव्य आहे.' कमळा पोट धरून हसली आणि त्याला शाबासकीही दिली, कारण म्हैस खरंच तशी होती.

मग रोज पाच नवे शब्द. प्रसन्न, उत्साह, स्वच्छता, सुशोभित. आणि घरचे शब्द वर्गाबाहेर. माय नाही, आई. बा नाही, वडील. मले नाही, मला. 'मले' म्हणणाऱ्यानं उभं राहायचं. पहिले आठ दिवस अर्धा वर्ग उभाच असायचा.

त्यात सगळ्यात जास्त वेळ उभी राहायची ती गोकुळा. ढिवराची, म्हणजे मासे मारणाऱ्याची पोर, नऊ वर्षांची. तिचा बाप इस्तारी धान कापून झालं की आलापल्लीकडच्या जंगलात बांबू तोडायला जायचा, तो होळीच्या आगेमागे परत. घरी गोकुळा आणि तिची माय गुणाबाई, दोघीच. पोर उभी राहून वाचायची, पण वाचायची मात्र खरं. पुस्तकात जे असेल तेच. पुढचा शब्द अंदाजानं ठोकून द्यायचा, हे तिला जमतच नव्हतं. कमळाला ती म्हणूनच आवडायची. म्हणूनच तिच्यावर ती जास्त मेहनत घेत होती.

पौषात निरोप आला, दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार. गुणवंतराव मास्तरांनी कमळाला बाजूला बोलावलं.

"या सायबाले पत्रलेखनाचा भारी शोक हाय. चौथीच्या पोराइनं एकेक खरंखुरं कार्ड लिवून ठेवलं ना, तं खूश होईन. अन् मी तुहं नाव सांगतो. सातवी झाली का ट्रेनिंगले. सरकारी खर्चानं."

कमळा त्या रात्री झोपलीच नाही म्हणा ना. ट्रेनिंग! गावातली एक तरी पोरगी बैलगाडीतून सासरी जाण्याऐवजी शाळेत निघाली होती का कधी?

दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर पत्राचा साचा लिहिला. उजवीकडे गाव आणि तारीख. खाली मायना. मग 'शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.' मग 'आम्ही सर्व येथे खुशाल आहोत.' मधली जागा शाळेच्या हकिकतीसाठी, नवे शब्द वापरून. शेवटी 'काळजी नसावी.' आधी पाटीवर लिहायचं, ती तपासणार, मग कार्डावर उतरवायचं.

गोकुळानं पाटी आणली. तीवर लिहिलं होतं:

'बा, मायले बरं नाई. थे जेवत नाई. खोकलते अन् रक्त पडते. तू ये.'

कमळानं पाटी वाचली आणि कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा दिसलं ते 'मायले.' मग 'थे.' मग मायना नाही, नमस्कार नाही, तारीख नाही. दिपोटी साहेबाच्या हाती हे पडलं तर?

"गोकुळे, असं पत्र असते का? वडिलांना 'तू ये' म्हणतात?"

"मी तं म्हणतो."

"म्हणतो नाही, म्हणते. फळ्यावर पाहून लिव."

गोकुळानं फळ्याकडे पाहिलं. "बाई, पण थ्या ओळीत खुशाल हाय. माय खुशाल नाई."

"ती रीत असते, वेडे. सगळेच लिहितात. मरणाचं पत्र सोडलं तर प्रत्येक पत्रात खुशालच असते."

"मंग मायचं खाली लिवू?"

कमळानं कार्ड उलटसुलट केलं. कार्ड ते केवढं! त्यात शाळा बसवायची, स्वच्छता, उत्साह आणि सुशोभित पटांगण बसवायचं. "हे पत्र शाळेचं आहे. आईचं आपण दुसऱ्या पत्रात लिहू. मी स्वतः लिहून देईन, हे साहेब गेले की लगेच. अन् तुझी आई तर कालच दारात बसली होती. मी विचारलं, तर म्हणाली, बरी हावो."

"थे सगळ्याइलेच तसं सांगते," गोकुळा म्हणाली. आणि पाटी पुसली.

साहेब आले. टोपी, छत्री आणि मागे पट्टेवाला. त्यांनी तेवीस कार्डं चाळली आणि एक बाहेर काढलं. उभं राहून, चष्मा सारखा करून, मोठ्यानं वाचलं:

"तीर्थरूप वडिलांस, कु. गोकुळाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. आमच्या शाळेचे पटांगण सुशोभित आहे. आम्ही उत्साहाने अभ्यास करतो. स्वच्छता राखल्याने मन प्रसन्न राहते. काळजी नसावी. आपली आज्ञाधारक मुलगी, गोकुळा इस्तारी."

एक खोड नाही, एक काना इकडचा तिकडे नाही. "ढिवराची मुलगी?" साहेबांनी विचारलं. "कोणी शिकवलं हिला?" गुणवंतरावांनी कमळाला पुढे ढकललं. साहेबांनी शेराबुकात चांगल्या चार ओळी लिहिल्या, त्यात कमळाचं नाव. वर्गानं टाळ्या वाजवल्या. कमळानं गोकुळाकडे पाहिलं, तर ती पोर खिडकीतून आपल्या घराच्या दिशेला पाहत होती. लाजली असेल, असं कमळाला वाटलं. आपल्याला जे वाटायला हवं असतं ते किती चटकन वाटतं!

साहेब कार्डं सोबत घेऊन गेले आणि आरमोरीला टपालात टाकली.

दोन दिवसांनी गोकुळानं आठवण केली. "बाई, दुसरं पत्र?"

"हो गं, उद्या."

उद्या मास्तरांनी ट्रेनिंगचा अर्ज लिहायला बसवलं. परवा आत्या आली, तिला शेराबुकातल्या चार ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायच्या होत्या. तेरवा बाजार. मग गोकुळा शाळेत यायचीच बंद झाली, आणि विचारणारंच कोणी नाही म्हटल्यावर पत्रही राहिलं. बाराव्या दिवशी सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत शेजारची शकुबाई ओरडत रस्त्यावर आली. गुणाबाई गेली होती.

इस्तारी पोचला तो पाचव्या दिवशी. कोणीतरी बांबूच्या गाडीवाल्याबरोबर निरोप धाडला होता, तो फिरत फिरत गेला. तोवर राखही सावडून झालेली.

दुपारी कमळाला त्याच्याकडून बोलावणं आलं. ती गेली तेव्हा अंगणात शकुबाई आणि दोन-चार माणसं बसली होती. इस्तारी जाळ्याच्या ढिगाजवळ उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली, पायांना अजून वाटेची धूळ. गोकुळा भिंतीला टेकून.

"या बाई," तो म्हणाला. आपल्या पोरीएवढ्या पोरीलाही तो अहोजाहो करत होता, आणि एरवी ते कमळाला किती गोड लागलं असतं. त्यानं कमरेच्या फडक्यातून कार्ड काढलं. घामानं मऊ पडलेलं. "हे माह्या पोरीचं पहिलं कार्ड. ठेकेदाराच्या मुनशीनं वाचलं तं पुरे तळावरचे लोक गोळा झाले. म्हणे, इस्तारी, तुही पोरगी तं वकील होईन. तीनखेप वाचाले लावलं मी."

त्यानं कार्ड मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केलं.

"मी येनार होतो, बाई. त्याच शनवारी. घरून येतानी गुणाचा खोकला आयकला होता, मनात खुटखुट होती. कार्ड आलं अन् म्हटलं, खुशाल हायत, अजून एक पाळी करून जाऊ." त्यानं कार्ड पुढे धरलं. "मुनशी दारू पेते. त्याच्यावर माहा भरोसा नाई. तुमी वाचून सांगा. यात तिच्या बेमारीचं कुठी लिवलं होतं का?"

कार्ड कमळाच्या हातात आलं. ते तिला वाचायची गरजच नव्हती. समोर इस्तारी तोंडाकडे पाहत होता, शकुबाई पाहत होती, सगळ्या अंगणात वाचता येणारी ती एकटी, असं तिला वाटलं. आणि तिनं वाचायला सुरुवात केली. मायना वाचला, नमस्कार वाचला, सुशोभित पटांगण वाचलं. मग आवाज न बदलता ती म्हणाली, "आईला बरं नाही. ती जेवत नाही. आपण लवकर यावे."

इस्तारी ताडकन उठला.

"पाह्यलं? पाह्यलं शकुबाई? लिवलं होतं माह्या लेकीनं! त्या हरामखोरानं गाळलं. मानसं कमी पडून राह्यली होती त्याले, म्हणून गाळलं!" त्यानं कुडाला टेकवलेली कुऱ्हाड उचलली. "आत्ताच जातो. त्याचं मुंडकं नाई उतरवलं तं बापाचं नाव नाई सांगनार."

"अरे इस्तारी, बस बापू," शकुबाई उठली. माणसं उठली. तो कोणाला आवरेना.

गोकुळा भिंतीपासून निघाली आणि कमळाच्या हातातून कार्ड घेतलं. ओढून नाही, सरळ घेतलं, वर्गात पाटी घ्यावी तसं. बापासमोर जाऊन उभी राहिली आणि वाचायला लागली. हळूहळू, एकेक शब्द पुरा करून. आम्ही. सर्व. येथे. खुशाल. आहोत. शेवटच्या सहीपर्यंत वाचलं आणि थांबली.

"मायचं यात नाई, बा."

इस्तारीच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. "मंग बाईनं आता वाचलं थे?"

"थे मी पाटीवर लिवलं होतं. बाईनं पुसाले लावलं."

कमळाला वाटलं, आता हा आपल्यावर धावून येईल. यावं, असंही वाटलं. शिव्या दिल्या असत्या, ओरडला असता, तर तिला रडता तरी आलं असतं, सांगता तरी आलं असतं, रीत असते हो ती, सगळेच तसं लिहितात. पण इस्तारी खाली बसला. कुऱ्हाड बाजूला ठेवली. त्यानं पोरीकडे पाहिलं.

"बरी वाचते," तो म्हणाला. "बरी शिकवली तुमी, बाई."

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

मग त्यानं त्याच फडक्यातून दुसरं कार्ड काढलं, कोरं. पोंभुर्ण्याला गुणाबाईचा भाऊ होता, त्याला कळवायचं राहिलं होतं. त्यानं कार्डाचा एक कोपरा बोटांनी फाडला. मरणाची बातमी असली की असा कोपरा फाडून पाठवतात, म्हणजे घेणाऱ्याला हातात घेताच समजतं. फाटका तुकडा त्यानं धुळीत टाकला आणि कार्ड पोरीपुढे धरलं.

"मामाले लिव."

गोकुळानं पितळेच्या ताटाची पाठ मांडीवर घेतली, वर कार्ड ठेवलं. कमळा दोन पावलं पुढे झाली. मरणाच्या पत्राचा मायना वेगळा असतो, तो तिला येत होता. गोकुळानं मान वर केली नाही. तारीख नाही, गाव नाही, नमस्कार नाही. तिनं लिहिलं, 'मामा, माय मेली. बा घरी नव्हता.' आणि पुढं काय लिहायचं ते बापाला विचारलं.

"जा बाई तुमी आता," शकुबाई कमळाला म्हणाली. "तुमाले शाळा असन."