ओठावरची रेघ

छायाचित्रे सुधारणे हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. स्टुडिओच्या मागल्या खोलीत उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून, टोकदार शिसपेन्सिलीने व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळे ते इतक्या हलक्या हाताने मिटवीत, की गिऱ्हाईक आपल्याच रूपावर प्रसन्न होऊन घरी जाई. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि हातांना विश्रांती मिळाली. दृष्टीला मात्र ती कधीच मिळाली नाही. समोर दोष दिसला की बोटे अस्वस्थ होत.

पत्नी गेल्यानंतर घरात ते आणि त्यांची एकुलती मुलगी, अशी दोघेच उरली. मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवण्याचे काम करी. दोघांतले बोलणे दूध आले का, दिवा बंद केला का, एवढ्यापुरतेच राहिले होते. याला अबोलाही म्हणता येत नव्हते. अबोल्याला निदान कारण असते, आणि तो कधीतरी सुटतो.

तिच्या खोलीतील काचेच्या कपाटात जपानी ॲनिमेमधल्या, म्हणजे तिकडच्या कार्टूनपटांतल्या, पात्रांच्या वीतभर उंचीच्या आकृती उभ्या होत्या. खेळघरांतील यंत्रांत बक्षीस म्हणून ठेवण्यासाठीच त्या घडवलेल्या, म्हणून स्वस्त. यंत्राचा पंजा हलवून खोके खाली पाडता आले तर ते आपले. नाही साधले, तर जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याच आकृती अल्प मोलात मिळत.

“तिशी उलटली, आणि अजून बाहुल्या!” ते म्हणत.

“फिगर्स, बाबा.”

“नाव बदललं म्हणून वय बदलत नाही.”

पूर्वी अशा वेळी तिची आई हसून मध्ये पडे. आता मध्ये पडणारे कोणी नव्हते. असल्याच एका वाक्यानंतर मुलीने त्यांना काही दाखवणे, सांगणे सोडून दिले. ते त्यांच्या मनाला फार लागले. तिने पुन्हा एकदा आपण होऊन काही सांगावे, एवढीच आता त्यांची इच्छा उरली होती; पण क्षमेचे शब्द त्यांच्या जिभेला कधी वळलेच नव्हते.

नव्या यंत्राचे काम शिकण्यासाठी दुकानाने तिला काही दिवस परगावी पाठवले. निघताना ती म्हणाली, “दुपारी माझ्या खोलीतला पडदा ओढत जाल ना, बाबा? ऊन लागलं की त्यांचा रंग उडतो.”

पडदा ओढायला म्हणून ते गेले, आणि प्रथमच त्या कपाटासमोर नीट उभे राहिले. पाहता पाहता त्यांचा उपहास गळून पडला. झग्याच्या चुण्या, वाऱ्यावर उडालेली बट, पाऊल टाकताना टाचेवर आलेला भार! कोण्या अज्ञात कारागिराने स्वस्त वस्तूतही केवढे मन ओतले होते. मधल्या फळीवर, सर्वांच्या पुढे, निळ्या केसांची एक धनुर्धारी कन्या उभी होती. तिच्या वरच्या ओठाचा रंग निसटला होता, आणि एक तांबूस रेघ नाकाकडे चढली होती. कारखान्यातली घाई, दुसरे काय? इतक्या प्रसन्न मुखावर हे असे राहावे, हे त्यांना साहवेना. काय करावे, हे त्यांना क्षणात उमगले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेहुणा डोकावला, तेव्हा ते भिंग लावून खिडकीशी बसले होते.

“वा दाजी! माझ्या भाचीला नावं ठेवता ठेवता तुम्हीच बाहुल्या घेऊन बसलात की!”

“हात लावू नकोस. रंग ओला आहे.”

“तिला विचारलंत?”

“चूक दुरुस्त करायला परवानगी कसली? हे बघ, कातडीचा रंग जुळला की नाही? पांढऱ्यात पिवळा टाकला, आणि लाल अगदी नावाला.”

“जुळला खरा. पण ताई असती ना, तर म्हणाली असती, आधी विचारा.”

“तुझी ताई असती तर खूश झाली असती. तू बस गप्प.”

“बसतो बापडा,” म्हणत मेहुण्याने खुर्ची ओढली आणि विषय सोडला.

रेघ नाहीशी झाली. ओठाला रेखीव कड आली. कितीतरी वर्षांत हाताने अशी साथ दिली नव्हती. जे मुखाने मागता येत नव्हते, ते कुंचल्याने मागून झाले, असे त्यांना वाटले.

मुलगी परतली, तेव्हा तिने बॅग खाली ठेवण्याआधीच ते तिला कपाटापाशी घेऊन गेले. “बघ तर खरं.”

ती वाकली. काचेला नाक टेकेपर्यंत जवळ गेली.

“रेघ कुठे गेली?”

“काढली! कळतसुद्धा नाही ना?”

“नाही कळत.” ती तशीच वाकून राहिली. “आईनं जिंकली होती ही. जन्मात त्या यंत्राला हात लावला नव्हता तिनं, आणि पहिल्याच खेपेला खोकं धप्पकन खाली. घरी येऊन उघडलं, तर ओठावर रेघ. मी वैतागले. ती म्हणाली, ‘अगं, ही तर थेट माझी लेक. बरोबर घरात आली.’”

मुलीचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. तान्हेपणीच तो शिवला गेला. नाकपुडीपर्यंत जाणारी बारीक खूण तेवढी राहिली.

“मला कधी सांगितलं नाहीस,” ते म्हणाले.

“तेव्हाच आलो होतो आम्ही दोघी सांगायला. तुम्ही म्हणालात, आणखी एक बाहुली का.”

त्यांना ते आठवेना. आठवत नव्हते, हेच अधिक जिव्हारी लागले.

“मी काढतो तो रंग. स्पिरिटनं, अगदी अलगद...”

“खालचाही जाईल, बाबा. राहू द्या. काम छान झालंय.”

त्या ‘छान’मध्ये टोमणा असता तर बरे झाले असते.

ते बाहेरच्या खोलीत आले. भिंतीवर मुलीची छायाचित्रे होती: आईच्या मांडीवर, शाळेच्या गणवेशात, पदवीच्या झग्यात. सारी त्यांच्याच स्टुडिओतली, आणि प्रत्येकावरून त्यांचीच पेन्सिल फिरलेली. कोणी लेकराला हसू नये म्हणून. दुसरा हेतू त्यांच्या मनात कधी नव्हता. त्यांनी अल्बम काढले, पानामागून पान उलटले. ती खूण असलेले एकही छायाचित्र सापडेना. निगेटिव्हवरच हात चालवलेला, आणि स्टुडिओ मोडला तेव्हा त्याही भंगारात गेल्या. मुलीचे खरे मुख घरात एका बाहुलीवर तेवढे उमटले होते, आणि तेही त्यांनीच सुधारले होते.

“बाबा, पान वाढलंय,” म्हणत ती दारात आली.

त्यांनी वर पाहिले. दिव्याच्या उजेडात ती खूण स्पष्ट दिसत होती. दोष शोधणारी नजर बाजूला ठेवून ते पाहत राहिले.

“काय बघताय असं?” तिने विचारले, आणि नकळत मान वळवून ओठाची ती बाजू अंधारात नेली. कॅमेऱ्यासमोर तसे वळायला, ती एवढीशी असताना, त्यांनीच शिकवले होते.