ब्रोनेमावशी आणि चाळीस सेकंद

शेवटचा सूर वाजला आणि सगळ्यांनी तो ऐकला. आता हे विसरा. मीही विसरलो. असं काही झालंच नाही.

म्हणजे नऊ वर्षं तरी झालं नव्हतं. संगीतकार जेनोवाइतेबाईंनी चेलो आणि पियानोसाठी जी रचना केली, तिच्या शेवटी चाळीस सेकंद शांतता आहे आणि मग पियानोचा एकच सूर. पण आमच्या उतेना गावात संगीत थांबलं की सभागृहाच्या दाराशी प्रेक्षकांचे कोट सांभाळणाऱ्या ब्रोनेमावशी फुलं घेऊन मंचावर येतात, आणि फुलं दिली की लोक टाळ्या वाजवतात. चार कार्यक्रम झाले, चारही वेळा सूर टाळ्यांखाली गेला. बाई आता एक्क्याऐंशीच्या. आपल्याच रचनेचा शेवट त्यांनी कधी ऐकलेला नव्हता.

"मावशी, आज चाळीस सेकंद थांबायचं," मी चेलो पुसत म्हणालो.

"मागच्या वेळी बारा थांबले की. तुम्ही दोघं पुतळ्यासारखी बसलात. म्हटलं, पोरं पुढचं विसरली, अब्रू वाचवावी."

पियानोवाली गिएद्रे म्हणाली, "आज तुम्ही माझ्याजवळ बसून पानं उलटा."

"मला ते काळे ठिपके कळत नाहीत गं."

"मी मान हलवीन."

"आणि फुलं?"

"मांडीवर."

सात ट्युलिप मांडीवर घेऊन मावशी बसल्या. शांतता आली. पुढच्या रांगेतल्या एकाने हात उचलले, मावशी जागच्या हलत नाहीत हे पाहून खाली ठेवले. अडतीस. एकोणचाळीस. गिएद्रेने सूर वाजवला. तिसऱ्या रांगेत बाईंनी डोळे मिटले.

सूर विरला. कोणीच टाळी वाजवेना, कारण फुलं मावशींच्या मांडीवर होती. मावशी मान हलण्याची वाट बघत होत्या आणि गिएद्रे मान हलवायला विसरली होती. मी चेलोच्या गजाने खुणावलं, तर मावशींनी एक कोरं पान उलटलं. अशी चार मिनिटं गेली. मागे एकजण खोकला. शेवटी बाई स्वतःच मंचावर चढल्या, मावशींच्या मांडीवरून फुलं उचलली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"कसा वाटला सूर?" मी बाईंना विचारलं.

"बरा आहे. पण त्याच्यानंतर जे झालं, ते मला सुचलं नव्हतं." त्यांनी पेन्सिल काढून रचनेच्या शेवटी चार मिनिटं शांतता वाढवली. "पुढच्या वर्षी असंच वाजवायचं. मी येतेय. खोकणारा नको."

सबब नगरपालिकेस नम्र विनंती की, येत्या मार्चच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी ७.२२ ते ७.२६ या वेळेत उतेना हद्दीतील समस्त रहिवाशांचे खोकले स्थगित ठेवण्यात यावेत, व निकड असलेल्यांना शेजारच्या गावी खोकण्याची लेखी परवानगी देण्यात यावी.