आधी साय की आधी जॅम

तीन वर्षं मी एक चोरी पचवली होती. ती उघडी पडली डेन्झिल ट्रेम्बाथमुळे, आणि तोही काही साव नव्हता.

चोरी कसली, तर सायीची. इथे कझाकांच्या ओराल शहरात आम्ही विलायतेतून आलेली वीस-बावीस माणसं आहोत. गॅसच्या कारखान्यापायी आलो आणि कुणी मुलांपायी, कुणी आळसापायी राहिलो. आमचा फोनवर एक गट आहे आणि त्याचा नियम एकच. घरचं खाणं कुणाला कुठे सापडलं, तर ते सगळ्यांना सांगायचं. एकदा कुणीतरी लिहिलं, स्टेशनसमोरच्या दुकानात टोमॅटोतल्या बीन्सचे डबे आलेत. अर्ध्या तासात आमची सगळी सभ्य मंडळी तिथे एकमेकांना कोपरं मारत होती. निवृत्त मुख्याध्यापक मिस्टर ऑलरटन तर फळीवर चढले होते.

मीही प्रामाणिकपणे सांगत आले. सॉस सांगितला, चहाच्या पुड्या सांगितल्या, पुडिंगमध्ये घालायची चरबी कुठला खाटीक देतो तेही सांगितलं. पण बातिमा आपाची साय नाही सांगितली. जीवच झाला नाही.

बातिमा आपा बाजारात दुधाच्या ओळीत अगदी टोकाला बसते. दुधाची कढई ती मंद आचेवर तासन् तास ठेवते, मग निवू देते आणि वर धरलेला जाड थर अलगद काढून बरणीत भरते. इथले लोक त्याला कायमाक म्हणतात. आमच्या डेव्हनमध्ये माझी आई अगदी तस्संच करायची. वरून पिवळी खरपूस खपली, आत लोण्यासारखं मऊ. पहिल्यांदा बोटावर घेऊन चाखली तेव्हा माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. बातिमा आपा घाबरली. "नासली की काय गं बाई?" म्हणत तिनेही बोट घातलं.

दर शनिवारी ती दोनच बरण्या आणते. एक मी न्यायची. दुसरी कोण नेतं हे मी कधी विचारलं नाही. चोराने दुसऱ्या चोराची चौकशी करू नये.

आता मुद्द्याचं. माझा मुलगा मार्टिन, त्याची बायको गुलबार्शिन आणि त्यांची अकरा महिन्यांची मेरू. मेरू म्हणजे माझ्या दुधावरची साय, यात सगळं आलं. मागच्या रविवारी ती टेबल सोडून दोन पावलं चालली आणि बदकन बसली. माझी विहीण उल्झान मोठ्याने ओरडली, "दोर कापायचा! येत्या रविवारीच!"

पोर चालायला लागलं की इथे त्याच्या घोट्यांना काळा-पांढरा दोर बांधतात आणि एका बाईच्या हातून तो कापतात. जी कापते तिच्यासारखं पोर निघतं म्हणे. मी आपली पटकन बोलून गेले, "विहीणबाई, मी कापू?"

उल्झानने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बघू," ती म्हणाली. "पोरीला चाल चांगली लागायला हवी."

माझा डावा गुडघा सात वर्षांपूर्वी बर्फावर घसरून गेलाय. चालताना पाय बाहेर फेकला जातो, अंग डावीकडे झुकतं. तोंडात मारल्यासारखं झालं मला. त्यात उल्झानची धाकटी बहीण राउशान शेजारीच बसली होती. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेली बाई, अजून खांबासारखी ताठ. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या आणि तिने पदक मिळाल्यासारखी मान हलवली.

घरी येऊन मी रडले, खोटं कशाला बोलू? मेरूचे डोळे उल्झानचे, केस उल्झानचे, बोलणारही ती कझाकच. घोडी ओळखेल, गाणी ओळखेल. माझं काय उतरणार तिच्यात? एक दोर कापायला मागितला, तर लंगडी म्हणून नको.

पण मी मूळची डेव्हनची. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि ठरवलं, रविवारी स्कोन करायचे. चाळीस. स्कोन म्हणजे आमचा तळहाताएवढा भुसभुशीत गोडसर पाव; मधोमध उघडायचा, वर साय, सायीवर जॅम. एकदा का तो विहीणबाईंच्या तोंडात गेला की त्या गुडघा-बिडघा विसरतील असा माझा हिशेब.

शनिवारी नेमका पुलाजवळचा रस्ता खणलेला. बसने दोन थांबे आधीच उतरवलं. फरफटत बाजारात पोचले तर बातिमा आपा रिकामी टोपली आवरत होती.

"संपली गं. तुमच्याकडच्या त्या म्हाताऱ्याने दोन्ही नेल्या."

"कुठला म्हातारा?"

तिने हनुवटीने दाखवलं. लोणच्यांच्या ओळीत, पिशवी छातीशी धरून, पाठमोरा डेन्झिल सटकत होता.

"डेन्झिल ट्रेम्बाथ!" मी असं ओरडले की लोणचीवाल्या बायकाही उभ्या राहिल्या.

तो वळला. त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं, तीन वर्षं दुसरी बरणी कोण नेत होतं.

"थेल्मा! तू... तू हे गटाला सांगितलं नाहीस?" तो म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा!

"तू सांगितलंस?"

"मी सांगणारच होतो."

"कधी? मेल्यावर?"

"बाई, हळू बोल. ऑलरटनला कळलं तर तो उद्यापासून इथेच मुक्काम ठोकेल."

हे मात्र खरं होतं. मी आवाज खाली आणला. "आजची एक बरणी माझी आहे."

"तुझी वाट पाहिली. म्हटलं, एवढी चांगली साय उन्हात नासायला नको."

"काय हा उपकार!"

डेन्झिल कॉर्नवॉलचा. आमचे दोन जिल्हे शेजारी, मध्ये एक नदी. नदीच्या आमच्या बाजूला स्कोनवर आधी साय लावतात, मग जॅम. पलीकडचे लोक आधी जॅम लावतात आणि वर साय, आणि तोंड वर करून जगतात. माझ्या आईने माझ्या एका स्थळाला यावरून दारातून परत पाठवलं होतं. स्थळ चांगलं होतं, पण आईचंच बरोबर होतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी त्याला सगळं सांगितलं. मेरूचा दोर, विहीणबाई, गुडघा, राउशान, चाळीस स्कोन. डेन्झिलने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याला ना मूल ना बाळ.

"दोन्ही बरण्या देतो," तो म्हणाला. मी त्याला मिठी मारणार एवढ्यात पुढे म्हणाला, "फक्त जॅम आधी."

"मेले तरी नाही."

"मग मर सुखाने. साय मी खातो."

"डेन्झिल, तुला लाज नाही?"

"लाज आहे म्हणूनच. माझी साय आणि वर जॅम फासायचा? माझी आजी थडग्यातून उठेल. चाळीसच्या चाळीस, आधी जॅम. आणि मी समोर बसून बघणार."

मी मेरूचे दोन दात डोळ्यांसमोर आणले आणि मान हलवली. त्याने बरण्या दिल्या. मी गटाला काही लिहिलं नाही, त्यानेही नाही.

रविवारी सकाळी गुलबार्शिनच्या स्वयंपाकघरात मी चाळीस स्कोन उघडले आणि एकेकावर आधी जॅम लावला. डेन्झिल स्टुलावर बसून मोजत होता. हात उचलवत नव्हता माझा.

गुलबार्शिन म्हणाली, "आई, बरं वाटत नाहीये का? चेहरा किती उतरलाय!"

"काही नाही गं. पाप करतेय, एवढंच."

तिला काही कळलं नाही. ती चहाकडे वळली.

बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस बायका टेबलाभोवती बसल्या होत्या. मेरू मार्टिनच्या मांडीवर, घोट्यांना दोर बांधलेला. तो ओढून बघण्यात ती रमली होती. मी ताट आणून उल्झानसमोर ठेवलं. तिने एक स्कोन उचलला, उलटा करून पाहिला, हुंगला. मी श्वास रोखून उभी. डेन्झिलही.

उल्झानने चमचा घेतला. स्कोनवरची सगळी साय एका फटक्यात खरवडली, चहात टाकली आणि ढवळली.

"नाही!" मी ओरडले.

"नाही!" डेन्झिलही ओरडला. आमच्या दोन जिल्ह्यांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं.

मेरूने भोकाड पसरलं. उल्झान चमचा हातात धरून आमच्याकडे बघत राहिली. "काय झालं? साय चहात नाही घालायची, तर कुठे घालायची? डोक्यावर?"

राउशान हसली. "जाऊ दे गं ताई. यांना कसली आलीय खाण्यापिण्याची चालरीत? रस्त्यात उभ्या उभ्या कागदातून मासे खाणारी माणसं!"

बस्स. आठवड्याभरात मी पुष्कळ गिळलं होतं, हे नाही गिळलं गेलं. माझं कझाक मोडकं आहे, रागात तर पारच मोडतं. म्हणून मी इंग्रजीतच सुरू केलं आणि गुलबार्शिन मागून सांगत राहिली.

"चालरीत नाही? आम्हाला? आमच्याकडे आधी साय, मग जॅम! माझ्या आईने यावरून माझं जुळत आलेलं लग्न मोडलं! सत्तर वर्षं होत आली, मी कधी, कधीही आधी जॅम लावला नाही. नवऱ्याच्या तेराव्याला..." म्हणजे त्याला पुरून आल्यावरच्या जेवणाला, पण गुलबार्शिनने बरोबर सांगितलं, "तेव्हासुद्धा मी उठून पाव्हण्यांचे स्कोन नीट केले! आणि आज या माणसाने दोन बरण्यांसाठी माझ्या हातून चाळीस वेळा अधर्म करवला. मी केला! कशासाठी? तुम्हाला माझ्या हातचं आवडावं आणि पोरीचा दोर मला कापू द्यावा म्हणून. राहिलं. कापा राउशानच्या हातून. माझ्यासारखी लंगडी चाल नको तिला!"

डेन्झिल जमिनीकडे बघत होता. मेरू रडायची थांबली.

उल्झानने कप खाली ठेवला. "लंगडी कोण म्हणालं?"

"तुम्हीच. म्हणालात, पोरीला चाल चांगली लागायला हवी."

"अगं बाई!" तिने कपाळावर हात मारला. "मी चालरीतीचं म्हणत होते! गुडघ्याचं काय घेऊन बसलीस? माझे दोन्ही गेलेत!"

आणि भर बैठकीत तिने झगा वर करून दाखवले. दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते. सहा वर्षं आम्ही विहिणी. मला पत्ता नाही. ती नेहमी आधी येऊन बसलेली असायची आणि मी गेल्यावर उठायची. आता कळलं का ते.

"मला वाटायचं, या लोकांना काही धरबंदच नाही," उल्झान म्हणाली. "सगळंच चालतं यांना. पोरगा आठवड्यातून एकदा आईला भेटतो, तेही चालतं. पोरीने काय घ्यायचं मग तुमच्याकडून? आता कळलं. घट्ट आहे तुझी रीत, लग्न मोडण्याइतकी. आणि नातीसाठी मोडलीस तीच."

तिने राउशानसमोरची कात्री उचलली आणि माझ्या हातात दिली. राउशान अजून ताठच होती, पण तिने सरकून जागा केली.

दोर कापायला खाली बसावं लागतं, आणि माझा गुडघा वाकत नाही. शेवटी एका बाजूने डेन्झिलने आणि दुसऱ्या बाजूने राउशानने धरून मला कपाट उतरवावं तसं जमिनीवर उतरवलं. बायका खिदळत होत्या. दोर तिसऱ्या प्रयत्नात तुटला. उल्झानने मूठभर चॉकलेटं उधळली, त्यातलं एक माझ्या चष्म्यावर बसलं.

मार्टिनने मेरूला सोडलं. ती निघाली. एक पाऊल बाहेर फेकलं, अंग डावीकडे झुकलं, सावरली, पुन्हा पाऊल बाहेर, पुन्हा डावीकडे.

"बघा, बघा!" राउशान ओरडली. "इंग्लिश आजीसारखीच चालते!"

सगळ्या हसल्या. पहिल्या पावलांना कुठलंही पोर असंच झुलतं, मला माहीत आहे. तरी मी ढसाढसा रडले. उल्झान म्हणाली, "चालू दे अशीच. पोचल्याशी कारण."

मेरू टेबलाशी पोचली. कडेचा एक स्कोन तिने ओढला, बोटाने वरची सगळी साय काढली आणि तोंडात घातली. मग जॅम लागलेला स्कोन खाली टाकून दिला.

"आधी साय!" मी डेन्झिलवर ओरडले. "पाहिलंस? रक्तात आहे तिच्या!"

"वर होती म्हणून खाल्ली!" तोही ओरडला. "जॅम मी खाली लावायला लावला म्हणून तिला आधी साय मिळाली! माझे आभार मान!"

गुलबार्शिन हे सगळं कझाकमध्ये सांगायला लागली. बायकांचे लगेच दोन पक्ष पडले आणि जी ती स्कोन उचलून दोन्ही तऱ्हेने खाऊन बघू लागली. उल्झानने मात्र दुसऱ्या स्कोनवरचीही साय चहात ढवळली. मला उठवायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. मेरू झुलत परत आली आणि सायीच्या हातांनी माझा गुडघा धरून उभी राहिली.