राझमधल्या होडीचा दांडा

मी एक जुना दांडा आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. झाडूचा नव्हे, कुऱ्हाडीचाही नव्हे. मी होडीच्या सुकाणूचा दांडा आहे. होडी कुठे जाणार हे मी ठरवतो. निदान मला धरणारा हात तरी ठरवतो.

माझा जन्म ब्रिटनीच्या किनाऱ्यावर झाला. मोर्वान नावाच्या कोळ्याने घरामागच्या एका चिवट झाडाची फांदी तोडली, हिवाळाभर चुलीवरच्या धुरात वाळवली, तासली आणि जवसाचं तेल चोळून चोळून मला गुळगुळीत केलं. मग त्याने मला आपल्या लहानशा होडीला जोडलं. त्या दिवशी त्याच्या बायकोने सगळ्यांना खारं लोणी लावून कुट्टूच्या भाकऱ्या खायला घातल्या होत्या. माझ्या वाट्याला नुसता वास आला, पण तो मी अजून विसरलो नाही.

आमच्या इथे भूशिर आणि सेन बेट यांच्यामधली समुद्राची वाट अरुंद आहे. ओहोटीचं सगळं पाणी तिथून घुसतं, तळच्या खडकांवर चढतं आणि एकाच जागी उभं राहून फुटतं. या ठिकाणाला राझ म्हणतात. शहाण्या माणसाने तिथे जाऊ नये; पण चंदेरी बास मासा काही शहाणा नाही. तो नेमका तिथेच असतो.

तिथे मासे धरायची आमची रीत ठरलेली आहे. होडीचं नाक पाण्याच्या ओढीसमोर, पाठ फुटणाऱ्या लाटेकडे. इंजिन सतत चालू. लाटेच्या अलीकडे होडी अशी धरून ठेवायची, की काठावरून बघणाऱ्याला ती जागेवर उभी वाटावी. खरं तर ती क्षणोक्षणी पाण्याचा चढ चढत असते. गळाच्या दोऱ्या मागे लाटेत सोडायच्या. नांगर मात्र टाकायचा नाही, राझ नांगरासकट होडी ओढून नेते.

सुरुवातीची वर्षं मोर्वान मला धरायचा आणि त्याचा मेहुणा गळ सांभाळायचा. मेहुणा थकला तेव्हा मोर्वान एकटाच जाऊ लागला. दोन हात माशांना लागायचे, म्हणून तो मला कमरेने दाबून होडी वळवू लागला. धक्क्यावर त्याचं नाव झालं. "मोर्वान काय, कमरेने होडी नाचवतो," असं लोक म्हणायचे आणि मीही फुगायचो. वर्षानुवर्षं कुणाचा तळहात मला लागला नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग एका वसंतात त्याने माझ्यावर मेंढीचं कातडं गुंडाळलं. लोकांना सांगितलं, थंडी वाजते. खोटं! त्याची कंबर दुखत होती. पूर्वी त्याचा भार माझ्यावर लाटेच्या आधी यायचा, आता लाटेनंतर येऊ लागला. राझमध्ये एवढा उशीर माणसाला बुडवतो. हे मला एकट्याला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

त्याची मुलगी रोझेन मोठ्या जहाजांवरची नोकरी सोडून घरी परतली, तेव्हा मला हायसं वाटलं. ती रोज आमच्याबरोबर येऊ लागली. पण मोर्वानने तिच्या हाती गळ दिला, दांडा दिला नाही. मी धरते म्हणाली, की तो म्हणायचा, "मी काय मेलोय का?"

एके सकाळी उधाणाची ओहोटी चालू होती आणि मासे वेड्यासारखे गळाला लागत होते. तेवढ्यात वारा फिरला आणि ओढीच्या विरुद्ध वाहू लागला. मागची लाट उंच होऊन पांढरी पडली.

"बाबा, वारा उलटला. निघू या," रोझेन म्हणाली.

"हा एवढा घेतो. चांगला दांडगा आहे."

मासा दांडगा होताच. मोर्वान दोन्ही हातांनी दोरी ओढत होता. होडीचं नाक एका बाजूला पडू लागलं. त्याने मला कमरेने रेटलं आणि त्याचा पाय लुळा पडला. तो फळ्यांवर कोसळला. मी मोकळा, होडी आडवी आणि पाणी आम्हाला लाटेकडे खेचून नेत होतं.

रोझेनने सुरी काढली आणि आधी आपली, मग बापाची दोरी कापली. मला तिचा संताप आला. अगं बाई, आधी मला धर! पण त्या सैल दोऱ्या इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यापाशी तरंगत होत्या. इंजिनाला जोर दिला असता तर दोरी पंख्याला गुंडाळली असती, इंजिन बंद पडलं असतं आणि आमचा तिथेच निकाल लागला असता. तिने दोऱ्या दूर जाऊ दिल्या, मग मला पकडलं आणि इंजिनाचा जोर वाढवला.

मोर्वान उठायला धडपडू लागला.

"बसा तिथेच," ती म्हणाली. "तुम्ही हललात तर होडी कलंडेल."

तो बसला. लाटेचा शेंडा मागून आत आला, टोपल्या तरंगू लागल्या. तिची पकड घट्ट होती. होडीचं नाक हळूहळू ओढीकडे आलं. मग ती घाई न करता, तिरकं तिरकं चढत खडकाआडच्या शांत पाण्यात आम्हाला घेऊन गेली. इतक्या वर्षांनी मला तळहात लागला होता. मला रडू येत असतं तर मी रडलो असतो.

"कधीपासून दुखतंय?" तिने विचारलं.

"वसंतापासून," मोर्वान म्हणाला. एवढंच बोलून त्याने तोंड फिरवलं.

मित्रांनो, मी पडलो लाकूड. मला सगळं कळत होतं, पण सांगता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे. घरातलं कुणी एकदम कमी वाकू लागलं, जिना टाळू लागलं, तर कौतुकात राहू नका, विचारा. चिडतील, पण विचारा.

रोझेनने त्या संध्याकाळी मेंढीचं कातडं काढून टाकलं आणि मला तेल लावलं. आमच्या धक्क्यावर निघायची वेळ तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, ठरवतो, बाकीच्यांनी ती त्याला विचारायची असते. मोर्वानने आयुष्यात कुणाला विचारली नव्हती. तो काठीवर रेलला. मग लेकीकडे न पाहता म्हणाला, "उद्या किती वाजता निघायचं?"

"ओहोटी लागायच्या आधी," ती म्हणाली. "मी निघेन. तुम्ही डॉक्टरकडे जायचं."

"बरं, तांडेल," मोर्वान म्हणाला.